मत्स्यन्याय आणि तेलबिया

धारवाडच्या सुभाष रोडने बाजारास निघालेला गृहस्थ घरी शेंगदाण्याचे तेल न्यावे की करडईचे, याचा विचार करितो. माशांच्या खाद्यासही हाच प्रश्न लागू पडावा, याचे आमच्या वडीलधाऱ्यांस नवल वाटले असते.

तारली हे किनाऱ्यावरील गोरगरिबांचे अन्न. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यात सर फ्रेडरिक निकल्सन यांनी तिचे तेल व खत काढण्याच्या धंद्यास शास्त्रीय वळण दिले. पुढे जगभर मत्स्यसंवर्धन वाढले आणि अशा लहान माशांचे तेल पाळलेल्या मोठ्या माशांस चारले जाऊ लागले. जुना मत्स्यन्याय आता कारखान्यातून चालू झाला.

मासळी अपुरी पडू लागताच वनस्पतितेलांकडे दृष्टी वळली. नॉर्वेतील सामन माशाच्या खाद्यात १९९० साली शेकडा २४ भाग मत्स्यतेल असे. २०१३ साली ते सुमारे ११ वर आले. त्याची जागा मुख्यतः मोहरीच्या कुळातील रेपबियांच्या तेलाने घेतली. मासे वाढले, परंतु त्यांच्या मांसातील हितकर ओमेगा-३ मेदाम्ले घटली.

आपल्या रोहू-कटल्यास भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड घालण्याची रीत जुनीच आहे. गोड्या पाण्यातील असे मासे जवसातील मेदाम्लापासून ही द्रव्ये थोडीबहुत स्वतः घडवितात. समुद्रातील बहुतेक माशांस ते साधत नाही. म्हणून त्यांस वाढीच्या काळात वनस्पतितेल व विक्रीपूर्वी काही आठवडे मत्स्यतेल देणे, हा मधला मार्ग प्रयोगांती उपयुक्त ठरला आहे. तारली प्रथम माणसाच्या पानात पडावी, अशी आमची इच्छा आहे. तेलबियांमुळे तिला थोडे बळ मिळाले आहे.