खड्डा संपल्यावर: आलिशान सेडानची लांब पल्ल्याची पारख

आलिशान सेडानची टेस्ट ड्राइव्ह नाशकात साधारणपणे पाथर्डी फाटा ते मुंबई नाका अशी कुठेतरी होते. शेजारी सेल्समन, एसी जोरात, वेग चाळीस-पन्नासच्या घरात. वीस मिनिटांत दाराचा भारदस्त आवाज कळतो, सीटचं चामडं कळतं, स्क्रीन केवढी आहे ते कळतं. नागपूरला उतरताना कंबर कशी असेल ते मात्र कळत नाही. आणि साठ-सत्तर लाख मोजणाऱ्याला खरं तर तेच आधी कळायला हवं.

विवेचन दोन गोष्टींचं करायचं आहे: बसणाऱ्याला मिळणारा आराम आणि चालवणाऱ्याच्या हातात राहणारा ताबा, म्हणजे हँडलिंग. मऊ गाडी डुलते, घट्ट गाडी हादरवते, तेव्हा दोन्हींपैकी एकच निवडा, असं गॅरेजपासून मासिकांपर्यंत सगळे सांगतात. लांबच्या प्रवासापुरतं बोलायचं तर हे अर्धंच खरं आहे. खड्ड्याचा पहिला दणका किती बसला यापेक्षा खड्डा संपल्यावर गाडी किती लवकर शांत झाली, यावर आराम आणि ताबा दोन्ही ठरतात. दोघांचं खरं भांडण टायरपाशी आणि अँटी-रोल बारपाशी आहे. तिकडे नंतर वळू.

आधी हालचालींची फोड करावी लागेल. स्प्रिंगवर बसलेला गाडीचा सांगाडा सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होतो. स्प्रिंग आणि टायर यांच्यामध्ये अडकलेलं चाक सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरतं. बसलेल्या माणसाचं धड उभ्या हादऱ्यांना सर्वांत हळवं असतं ते सेकंदाला चार ते आठ कंपनांच्या पट्ट्यात. माणसाला बसणारी कंपनं मोजण्याचं आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक याच पट्ट्याला सर्वाधिक वजन देतं. सेकंदाला अर्ध्याहूनही कमी वेळा होणाऱ्या संथ हालचालींनी अंग दुखत नाही, पण मळमळतं. सस्पेन्शन जुळवणाऱ्या इंजिनिअरचं कसब यात की सांगाडा एक-दीडच्या पट्ट्यात ठेवावा, चाकाची थरथर दहाच्या वर ठेवावी आणि मधला पट्टा जमेल तितका मोकळा राखावा.

मग स्प्रिंगा आणखी मऊ का करत नाहीत? कारण मऊपणाला जागा लागते. सांगाडा सेकंदाला एकदाच झुलायचा असेल तर गाडीच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग सुमारे २५ सेंटिमीटर दबलेली असावी लागते. दीड वेळा झुलायचा असेल तर ११ सेंटिमीटर पुरतात. सेडानच्या ठेंगण्या बांध्यात मऊपणाची हौस किती भागेल, ते या दोन आकड्यांवरूनच दिसतं.

हे सगळं समृद्धी महामार्गावर लावून पाहू. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता टप्प्याटप्प्याने उघडला: नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी. कारला वेगमर्यादा १२०. फरसबंदी सिमेंट काँक्रीटची, आणि काँक्रीटला आडवे सांधे ठेवावेच लागतात. आपल्याकडे दोन सांध्यांत नेहमी साडेचार मीटर अंतर धरतात. १२० च्या वेगाला गाडी सेकंदात ३३ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला सात-साडेसात सांधे चाकाखालून जातात. ८० ला हा आकडा पाचच्या आसपास येतो. वेग यातला कोणताही घ्या, सांध्यांचा ठेका नेमका अंगाला बोचणाऱ्या पट्ट्यात पडतो. एकेक ठोका इतका बारीक की टेस्ट ड्राइव्हमध्ये कुणाच्या लक्षातही येणार नाही. तिसऱ्या तासाला मात्र ‘गाडी चांगली आहे, पण अंग आंबलंय’ असं जे आपण म्हणतो, त्यामागे खड्डे क्वचितच असतात; हा ठेका असतो.

याची परीक्षा मागच्या सीटवर बसून करावी. बूट काढून तळपाय सपाट टेकवावेत आणि कोपर दाराच्या आर्मरेस्टवर ठेवावं. तळपायाला सांधे मोजता आले तर सबफ्रेमची रबरी बुशं आणि टायर आपलं काम करत नाहीत. कोपराला बारीक झिणझिण लागली तर दोष बहुधा चाकांच्या बॅलन्सिंगचा असतो, आणि तो गाडीच्या माथी मारण्याचं कारण नाही. चालवणाऱ्याला यातलं निम्मंही कळत नाही. त्याचे हात आणि डोळे कामात असतात, आणि कामात गुंतलेला माणूस बराच त्रास सोसून जातो. आलिशान सेडानचा मालक आपल्याकडे बहुतेकदा मागे बसतो, तेव्हा त्याने गाडी स्वतः चालवून पसंत करणं हे मला नेहमीच उफराटं वाटत आलं आहे.

आवाजाचंही असंच. वाऱ्याच्या आवाजाची ताकद वेगाच्या जवळजवळ सहाव्या घाताने वाढते, म्हणजे ८० वरून १२० ला गेल्यावर तो सुमारे दहा डेसिबलनी चढतो आणि कानाला दुप्पट वाटतो. शहरात निःशब्द वाटलेली गाडी समृद्धीवर घशाला ताण देऊन बोलायला लावते, त्याचं कारण हे. त्यात काँक्रीटवरच्या टायरची घरघर मिसळते. पुढच्या आणि मागच्या माणसाने नेहमीच्या आवाजात गप्पा मारून पाहाव्यात; दुसरं यंत्र लागत नाही.

सरळ रस्त्यावरचं हँडलिंग म्हणजे काय, असं विचारणारे बरेच भेटतात. १२० च्या वेगाला एका मिनिटात स्टिअरिंग किती वेळा सावरावं लागतं, एवढंच ते असतं. मधल्या स्थितीत स्टिअरिंग गुळगुळीत आणि पोकळ लागलं तर हात नकळत सारखा दुरुस्त्या करत राहतो आणि खांदे भरून येतात. इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडून उंच पुलावर आडवा वारा लागला, की हा गुण किंवा अवगुण लगेच उघडा पडतो.

आता मूळ मुद्दा, दुसऱ्या झोक्याचा. त्यासाठी समृद्धी उपयोगाची नाही. पॅच मारून मारून लाटा आलेला डांबरी रस्ता हवा, आणि तो जिल्ह्यात शोधावा लागत नाही. साठच्या वेगाने अशा लाटेवरून जावं आणि पहिल्या उसळीकडे दुर्लक्ष करावं. पहिली उसळी १०० धरली, तर चांगल्या शॉकअपच्या गाडीत उलट बाजूचा झोका ३७ च्या आसपास येतो आणि त्यापुढचा १४ वर. दोन झोक्यांत विषय संपतो. शॉकअपचा जोर निम्मा असेल तर हेच आकडे ६२ आणि ३८ होतात. तोवर पुढची लाट येते, झोक्यावर झोका चढतो आणि गाडी होडीसारखी डुलत राहते. या दुसऱ्या गाडीचा पहिला दणका अनेकदा जास्त मऊ असतो. तेवढ्यावरच ती पसंत पडते. पुढे प्रत्येक झोक्याला मान आणि पाठ सावरण्यासाठी स्नायू आवळले जातात, ते तासन्‌तास. आणि वळणाच्या तोंडाशी गाडी झुलतच आली, तर टायरवरचा भार कमीजास्त होऊन पकडही कमीजास्त होते. झोका लवकर मारणारा शॉकअप असा एकाच कामात बसणाऱ्याची पाठ आणि चालवणाऱ्याचा ताबा दोन्ही राखतो.

झोक्यालाही दोन रूपं असतात. अख्खी गाडी सपाट वरखाली झाली तर शरीर ते सहन करतं. नाक वर, शेपूट खाली असा हेलकावा मात्र डोकं पुढेमागे फेकतो. पुढची चाकं लाटेवर आधी चढतात, मागची नंतर, त्यामुळे हा हेलकावा अटळच. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ऑली या इंजिनिअरने १९३० च्या दशकात त्यावर तोड काढली: मागच्या स्प्रिंगा पुढच्यांपेक्षा थोड्या चपळ ठेवायच्या, म्हणजे मागची बाजू उशिरा निघूनही पुढचीला गाठते आणि हेलकाव्याचं सपाट झोक्यात रूपांतर होतं. आजही सेडान याच तत्त्वावर जुळवतात. लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या जास्त अंतराची, मदत त्यात होते. चाकणला जुळवली जाणारी मर्सिडीजची ई-क्लास २०१७ पासून आपल्याकडे लांब व्हीलबेसमध्येच मिळते आणि सध्याच्या पिढीत तो ३,०९४ मिलिमीटर आहे. शेंद्र्याला जुळवल्या गेलेल्या स्कोडा सुपर्बचा २,८४१ होता. जाहिरातीत या लांबीचं कौतुक पाय पसरण्यासाठी होतं. मला तिचा खरा उपयोग मानेला वाटतो.

घाटाचं प्रकरण वेगळं. ४० च्या वेगाने ५० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं की अंगावर आडवा जोर गुरुत्वाच्या एक चतुर्थांश पडतो. एवढ्यात कुठलीही धड सेडान घसरत नाही, म्हणून घाटात पकड अजमावण्याच्या फंदात पडू नये. पाहायचं ते गाडी किती कलते हे नव्हे, किती सावकाश कलते हे. एकदम कलून थांबणारी गाडी बसणाऱ्याला फेकते. तेवढीच पण हळूहळू कलणारी सुसह्य होते. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना डाव्या-उजव्या वळणांची एकेक जोडी पाच-सहा सेकंदांत पार पडते. म्हणजे सेकंदाला एक पंचमांशाच्या आसपास हेलकावे, आणि मळमळीचा पट्टा नेमका तिथेच भरात असतो. मुलं गडाच्या वाटेवर ओकतात त्याचा दोष सस्पेन्शनवर ढकलून उपयोग नाही. तो वळणांच्या तालाचा आणि चालवणाऱ्याच्या हाताचा. मागे बसून मोबाइल पाहण्याने त्यात भर पडते.

कसारा घाट उतरताना ब्रेकची परीक्षा होते. दोन टनांच्या आसपासचं धूड ब्रेकवरच उतरवलं तर डिस्क तापतात आणि पेडल लांब जाऊ लागतं. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड घेऊन खालचा गिअर धरावा आणि इंजिन गाडीला किती आवरतं ते पाहावं. गिअरबॉक्स आपल्या मनाने वरचा गिअर टाकत राहिला, तर ती गाडी सह्याद्रीत राहणाऱ्याच्या कामाची नाही.

आता भांडणाकडे. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अँटी-रोल बार जाड केला की गाडी कमी कलते, पण एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की धक्का दुसऱ्या बाजूला पोचतो आणि बसणाऱ्याचं डोकं आडवं झटकतं. टायरचं भांडण याहून मोठं. २२५/५५ आर १८ मापाच्या टायरची भिंत १२४ मिलिमीटर उंच असते. २४५/४० आर २० ची ९८. ही गेलेली अडीच सेंटिमीटर हवा म्हणजे नेमका चार ते आठच्या पट्ट्यावरचा आणि चाकाच्या थरथरीवरचा उतारा. बदल्यात स्टिअरिंगला तरतरी येते आणि गाडी फोटोत छान दिसते. पंक्चर झाल्यावरही चालणारा रन-फ्लॅट टायर घेतला तर भिंत आणखी ताठ होते. नाशिकच्या महिंद्रा कारखान्यातून २००७ पासून रेनोशी भागीदारीत लोगन निघत होती, पुढे तीच व्हेरिटो झाली. रूप बेताचं, चाकं १४ इंची, टायरच्या भिंती उंच. तिला कुणी आलिशान म्हणणार नाही. पण टॅक्सीवाल्यांनी ती खराब रस्त्यांवर वर्षानुवर्षं हाकली, आणि तुटक्या डांबरावर ती ज्या शांतपणे चालायची ते वीस इंची चाकांच्या कित्येक महागड्या सेडानना जमत नाही. म्हणून मोठ्या चाकांचा पर्याय बुकिंगच्या वेळीच नाकारावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हवेचंही तेच: दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कमी आणि पूर्ण भारासाठी दोन वेगळे आकडे असतात, ते पाळावेत. मऊ लागावं म्हणून हवा कमी ठेवलेला टायर १२० ला भिंतीतून लवून लवून तापतो, आणि फुटतो तो असाच.

सीटबद्दल थोडक्यात. पहिल्या पाच मिनिटांत जी फार मऊ लागते ती दुसऱ्या तासाला खाली बसते आणि सगळा भार बैठकीच्या हाडांवर येतो. मांडीखाली गुडघ्याच्या अलीकडे चार बोटांपर्यंत आधार हवा.

गतिरोधकाचा हिशेब मात्र कागदावर आधी करून ठेवावा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. २.६ मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर दोन्हीकडे चाकं टाकून उभी राहिली तर मधला माथा तिच्या पोटाकडे ५ सेंटिमीटर घुसतो, ३.१ मीटरच्या गाडीत ७. त्यात मागे तिघं आणि शिर्डीचं सामान असलं की साध्या स्प्रिंगवरची शेपूट तीन-चार सेंटिमीटर आणखी बसते. एअर सस्पेन्शन तेवढं भरून काढतं. गल्लीबोळातले गतिरोधक मानक विचारून बांधलेले नसतात, ही गोष्ट निराळी.

आकडेच हवे असतील तर मोबाइलमधला कंपनमापक चालतो, पण फोन सीटवर मोकळा टाकू नये. सीटच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधावा. मानकानुसार वजन दिलेली कंपनं ०.३१५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली राहिली तर त्रास जाणवत नाही. दोन गाड्यांची तुलना करताना रस्ता, वेग, माणसं आणि टायरची हवा सारखी ठेवावी, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

एवढा फिरण्याचा वेळ शोरूम देत नाही. तेच मॉडेल दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट भाड्याने मिळत असेल तर घ्यावं, आणि मागे बसूनच जावं. साठ-सत्तर हजार किलोमीटर पळालेली गाडी मिळाली तर उत्तम: शॉकअप सैल झाल्यावर दुसरा झोका किती वाढतो ते त्यात दिसतं, आणि चौथ्या वर्षी आपल्या दारातली गाडी तशीच वागणार असते.