विरार लोकलमधली गोष्ट कोण सांगणार?

वर्षावासात नालासोपाऱ्यातील आमच्या विहारात दर रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. अशाच एका रविवारी वाचन आटोपल्यावर आम्ही भिंतीवर पांढरी चादर लावली आणि दोन लघुपट दाखवले. एक नीरज घायवान यांचा 'गीली पुच्ची' आणि दुसरा नागराज मंजुळे यांचा 'वैकुंठ'. पाहून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग रुग्णालयात साफसफाईचे काम करणारी एक मावशी म्हणाली, "चांगलं दाखवलंय. पण आमच्या वस्तीची गोष्ट सांगायची तर ती कोण सांगणार? त्यांनाच बोलवायचं का?"

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या उत्तराच्या शोधात लिहिला आहे.

हे दोन्ही लघुपट स्वतंत्रपणे आलेले नाहीत. दोन्ही 'अँथॉलॉजी' चित्रपटांचे भाग आहेत. अँथॉलॉजी म्हणजे कथासंग्रहच, फक्त पडद्यावरचा. एकच विषय किंवा एकच शहर घ्यायचे, चार-पाच किंवा अठरा दिग्दर्शकांना एकेक छोटी गोष्ट करायला द्यायची आणि सगळ्या एकत्र दाखवायच्या. या प्रकाराचा दावा मोठा लोकशाहीवादी आहे. शहर एका माणसाच्या नजरेत मावत नाही, म्हणून अनेकांनी ते पाहावे, असे तो म्हणतो. दावा योग्यच आहे. प्रश्न असा की, हे 'अनेक' म्हणजे नेमके कोण?

इतिहास पाहू. १९५३ मध्ये इटलीत 'शहरातले प्रेम' अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट आला. कल्पना चेझारे झवात्तिनी यांची होती आणि दिग्दर्शकांत अँतोनिओनी, फेलिनी अशी पुढे जगप्रसिद्ध झालेली नावे होती. त्यातील एक गोष्ट कातेरिना नावाच्या गरीब बाईची आहे. दारिद्र्यामुळे तिने आपले मूल टाकून दिले आणि नंतर परत घेतले. ही घटना खरी होती, आणि पडद्यावर ती भूमिका त्याच बाईने स्वतः केली. त्या काळाच्या मानाने ही क्रांतीच होती. पण आयुष्य तिचे, चेहरा तिचा, तरी गोष्ट कशी सांगायची हे ठरवणारे दुसरेच होते.

१९६५ मध्ये पॅरिसच्या सहा वस्त्यांवर सहा दिग्दर्शकांनी असाच एक चित्रपट केला. २००६ मध्ये त्याच पॅरिसवर अठरा लघुपटांचा संग्रह आला. त्यातला वॉल्टर सालेस आणि डॅनिएला थॉमस यांचा लघुपट वसई-विरारच्या प्रत्येक बाईने पाहावा असा आहे. स्थलांतरित कुटुंबातली एक तरुण आई पहाटे आपले बाळ उपनगरातल्या पाळणाघरात ठेवते, गाड्या बदलत श्रीमंत वस्तीत पोचते आणि तिथे मालकिणीच्या बाळाला तेच अंगाईगीत गाऊन निजवते. पहाटेच्या लोकलने अंधेरी-वांद्र्याला धुणीभांडी करायला जाणाऱ्या आपल्या ताया-मावश्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. पण लक्षात घ्या, अठरा गोष्टींच्या त्या शहरात उपनगर येते ते कामवाली जिथून निघते ती जागा म्हणून. शहर म्हणजे ती जिथे पोचते ते.

आता मुंबई. 'मुंबई कटिंग'मध्ये अकरा दिग्दर्शक होते. ३ मे २०१३ रोजी 'बॉम्बे टॉकीज' आला. निमित्त होते भारतीय चित्रपटाच्या शताब्दीचे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला होता. शताब्दीच्या चित्रपटात करण जोहर, दिबाकर बॅनर्जी, झोया अख्तर आणि अनुराग कश्यप या चौघांच्या चार गोष्टी होत्या. बॅनर्जी यांच्या 'स्टार'मध्ये नवाझुद्दीन सिद्दिकी यांनी चाळीतल्या अपयशी नटाचे काम अप्रतिम केले आहे. ती गोष्ट आम्हालाही आवडते. पण शंभर वर्षांचा हिशोब मांडताना त्या शंभर वर्षांत जातीने या शहरात काय केले, हा प्रश्न चौघांपैकी एकालाही मध्यवर्ती वाटला नाही.

त्याच १९१३ सालाकडे आपण आपल्या बाजूने पाहू. परळच्या बीआयटी चाळीतून निघालेला एक तरुण त्या वर्षीच्या जुलैत न्यूयॉर्कला पोचला आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. एकाच शहरात, एकाच वर्षी दोन इतिहास सुरू झाले. एकाची शताब्दी झगमगाटात साजरी झाली. दुसरा त्या पडद्यावर आलाच नाही.

आणखी एक गोष्ट. हरिश्चंद्राच्या पौराणिक कथेत राजा स्मशानात डोंबाच्या चाकरीला राहतो. ते त्याच्या सत्त्वाची परीक्षा म्हणून. परीक्षा संपते, देव प्रसन्न होतात, राज्य परत मिळते. पण डोंब? तो तिथेच राहतो. त्याची परीक्षा कोणी घेत नाही आणि ती कधी संपतही नाही. भारतीय चित्रपटाचा प्रारंभ ज्या कथेने झाला, तिच्यात स्मशानातला कामगार राजाच्या मोठेपणासाठी वापरलेले पात्र होता. २१ जानेवारी २०२२ रोजी 'अनपॉज्ड : नया सफर' या संग्रहात 'वैकुंठ' आला. त्यात मंजुळे यांनी स्वतः स्मशानात प्रेते जाळणाऱ्या कामगाराची भूमिका केली. करोनाच्या काळात तो इतरांच्या माणसांना अग्नी देतो, त्याचा बाप रुग्णालयात असतो आणि त्याला मात्र राहते घर सोडावे लागते. इथे स्मशान कोणाची परीक्षा नाही, ती रोजची नोकरी आहे. या बदलाला शंभराहून जास्त वर्षे लागली.

'गीली पुच्ची' १६ एप्रिल २०२१ रोजी 'अजीब दास्तान्स' या संग्रहात आला, भीमजयंतीनंतर दोनच दिवसांनी. भारती मंडल ही कारखान्यातली दलित कामगार स्त्री. तिला टेबलावरचे काम हवे आहे, ते मिळते ब्राह्मण प्रियाला. प्रियाशी जवळीक होते तेव्हा भारती आपले आडनाव बॅनर्जी सांगते. आपल्या वाचकांना इथे बाबुराव बागूल आठवतील. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ चा. म्हणजे आपल्या साहित्याने जे अठ्ठावन्न वर्षांपूर्वी मांडले, ते चित्रपटांच्या संग्रहात २०२१ मध्ये पोचले. म्हणून 'अशा गोष्टीच मिळत नाहीत' ही सबब आम्हाला मान्य नाही. अण्णाभाऊ साठे यांनी घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहिले. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. मुंबईचे आतडे उलगडून दाखवणारे लेखन मराठीत होतेच. ते पडद्यावर आणणारे हात आत येऊ दिले गेले नाहीत.

आता नेहमीचा आक्षेप येईल. कलावंताला जात नसते, चांगला दिग्दर्शक कोणाचीही गोष्ट सांगू शकतो. आम्ही हे पूर्णपणे नाकारत नाही. 'लस्ट स्टोरीज'मध्ये (२०१८) झोया अख्तर यांनी मोलकरणीची गोष्ट संयमाने केली आहे. 'अनपॉज्ड'मध्ये (२०२०) अविनाश अरुण यांच्या 'विषाणू'त टाळेबंदीत अडकलेले मजूर कुटुंब इमारतीच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये लपून राहते. आमच्याकडे विरार पूर्वेला टॉवर बांधणाऱ्या मजुरांना पाहिले की ती गोष्ट आठवते.

पण या आक्षेपाचे उत्तर बाबासाहेबांनी १९१९ मध्येच देऊन ठेवले आहे. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मतांचे प्रतिनिधित्व ही एक आणि माणसांचे प्रतिनिधित्व ही दुसरी. तुमचे म्हणणे दुसरा कोणी सभागृहात मांडेल एवढ्याने लोकशाही पूर्ण होत नाही, तुम्ही स्वतः तिथे असायला हवे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पडद्यालाही हेच लागू आहे. आमचा विषय येणे हे मतांचे प्रतिनिधित्व. आमचा माणूस कॅमेऱ्यामागे असणे हे माणसांचे प्रतिनिधित्व. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

फरक प्रत्यक्ष पाहायचा असेल तर 'अजीब दास्तान्स' पुन्हा पाहा. त्याच संग्रहात 'खिलौना' नावाची आणखी एका कष्टकरी बाईची गोष्ट आहे. तिथे तिचे जगणे शेवटच्या भयंकर धक्क्याकडे नेणारा रस्ता बनते. 'गीली पुच्ची'तली भारती मात्र हिशोब मांडते, चिडते, डाव टाकते, चुकीचेही वागते. ती दयेचा विषय नाही, ती विचार करणारी माणूस आहे. घायवान यांनी आपली दलित ओळख उघडपणे सांगितली आहे. दलित, बहुजन, आदिवासी लेखक आणि सहायक दिग्दर्शक हवे आहेत, असे त्यांनी जाहीर आवाहनही केले होते. त्याच वर्षी, २०२२ मध्ये 'वैकुंठ'नंतर तमिळमध्ये पा. रंजित यांनी 'व्हिक्टिम' या संग्रहात 'धम्मम' केला. दार किलकिले झाले आहे, ते याच माणसांच्या रेट्याने. पण तीन नावांनी पंगत भरत नाही.

आता आपल्या गावाकडे या. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र केल्या गेल्या. गावे वगळा म्हणून मोठे आंदोलन झाले, वाद न्यायालयात गेला. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या बारा लाखांवर होती. कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी, वारली, कातकरी, कोकणातून आणि मराठवाड्यातून आलेले बौद्ध, उत्तर भारतातले मजूर अशी ही वस्ती आहे. म्हणजे हे शहरच एक संग्रह आहे. आणि या संग्रहातही कोणाची गोष्ट आधी आणि कोणाची गाळायची, हे ठरवणारे ठरलेले आहेत.

चित्रपटवाल्यांना आपला भाग माहीत नाही असे नाही. नायगावच्या स्टुडिओंत मालिकांचे बंगले उभे राहतात. सुतारकाम, रंगकाम, लाइट उचलणे, चहा देणे ही कामे आपली पोरे करतात. वसईच्या किल्ल्यात तर २०१६ च्या कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या गाण्याचेही चित्रण झाले आहे. जागा आमची चालते, मजुरी आमची चालते. २०२२ च्या 'मॉडर्न लव्ह : मुंबई'मध्ये ठाण्याच्या नावाने एक गोष्ट आली. भाईंदरची खाडी ओलांडून मात्र कोणी आले नाही.

इथपर्यंत बोट दुसऱ्यांकडे होते. आता स्वतःकडे. विहारातल्या त्या रविवारनंतर आमच्या गटाने ठरवले की मोबाइलवर चित्रण करून वसई-विरारच्या पाच गोष्टींचा आपला संग्रह करायचा. उत्साहात यादी झाली. लोकलची एक, इमारत बांधकामाची एक, पाण्याच्या टँकरची एक, स्तूपाची एक आणि रुग्णालयात साफसफाई करणाऱ्या बाईची एक. यादी वाचताना एकीने विचारले, "लिहिणार कोण?" पाचही नावे पदवीधरांची होती. चार पुरुष. साफसफाईवाल्या बाईची गोष्ट आम्ही लिहिणार होतो, समाजशास्त्रात एमए केले म्हणून. प्रश्न विचारणारी ती मावशी मागच्या रांगेत बसली होती आणि तिला कोणी विचारलेही नव्हते. १९५३ च्या इटलीत जे झाले तेच आम्ही २०२० नंतरच्या नालासोपाऱ्यात करायला निघालो होतो.

यादी आम्ही फाडली. आता नियम असा आहे : ज्याची गोष्ट, त्याचाच शब्द शेवटचा. कॅमेरा धरायला, कापायला, आवाज बसवायला आम्ही मदत करू. काय दाखवायचे आणि काय नाही, हे ती ठरवणार. काम हळू चालले आहे. मावशीला सुटी मिळते तेव्हा आम्हाला वेळ नसतो, आणि पहिल्या चित्रणात तिने आम्हाला न सुचलेली गोष्ट निवडली. कचऱ्याच्या रंगीत पिशव्या नव्हे, तर घरी गेल्यावर नात जवळ येण्याआधी ती किती वेळ हात धुते, ते. चित्रपट चांगला होईल की नाही, सांगता येत नाही. पण तो तिचा असेल.

सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करून उजेडात आणला. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखाचा आशय असा की, पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी यात्रा करत, अशोकाने त्या जागी धम्मयात्रा सुरू केल्या, लोकांना भेटणे आणि त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे सुरू केले. आमच्या वस्त्यांत कॅमेरा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला, आणि सगळ्यात आधी स्वतःला, आम्ही हेच विचारू : ही मौजेची यात्रा आहे की भेटीची?

मित्रांनो, तुमच्या वस्तीतही अशी मागच्या रांगेत बसलेली मावशी असेल. पुढच्या रविवारी मोबाइल तिच्या हातात द्या.

जय भीम!