काडतुसाच्या आत काय आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१८५७च्या उठावाचा धडा आपण सर्वांनीच शाळेत वाचलेला असतो. एन्फिल्ड रायफलीची नवी काडतुसे, त्यांना गाईची आणि डुकराची चरबी लावल्याची बातमी, ती दातांनी तोडण्याचा हुकूम आणि शिपायांचा संताप. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे, २४ एप्रिलला मीरतच्या मैदानावर काडतुसे घ्यायला नकार देणारे ८५ घोडेस्वार आणि १० मे रोजी पेटलेला वणवा. हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘सर, पण मुळात गोळीला चरबी लागतेच कशाला?’ प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर द्यायचे तर पाठ्यपुस्तकाबाहेर जावे लागते.

रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा पाडलेल्या असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ जाते. गोळीने या खाचा पकडाव्यात म्हणून ती मऊ धातूची, म्हणजे शिशाची करत. त्या काळची काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची. ती जळली की निम्म्याहून अधिक भाग काजळी होऊन मागे उरतो. दहा-वीस बार झाले की ही काजळी नळीत घट्ट बसते आणि पुढची गोळी आत सरकत नाही. चरबी आणि मेण यांचा लेप दिला की काजळी मऊ राहते आणि शिसेही नळीला कमी चिकटते. तेव्हा लेप हवाच होता. तो कशाचा, एवढाच प्रश्न होता, आणि नेमका तोच प्रश्न कलकत्त्याच्या कोठारातल्या साहेबांना महत्त्वाचा वाटला नाही. चरबी कोणत्या जनावराची, हे कोणी नीट पाहिले नाही. पुढे शिपायांनी स्वतःच तूप-मेण लावावे, काडतूस दातांऐवजी हाताने फाडावे, अशा सवलती देऊ केल्या. पण तोवर वेळ निघून गेली होती. बंद पुडीत काय आहे हे शिपायाला ठाऊक नव्हते आणि सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता.

गंमत अशी की, ज्या वर्षी आपल्याकडे कागदी काडतुसावरून राज्य हादरले, त्याच वर्षी अमेरिकेत कागदी काडतुसाला कायमची रजा देणाऱ्या गोष्टी घडत होत्या. १८५७ मध्येच स्मिथ आणि वेसन यांनी धातूच्या काडतुसाचे पिस्तूल बाजारात आणले. त्याच वर्षी कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी ऑलिव्हर विंचेस्टर नावाच्या व्यापाऱ्याने एक बुडीत बंदूक कारखाना ताब्यात घेतला. हा गृहस्थ मूळचा शर्ट शिवणारा कारखानदार. त्याच्या पदरी असलेल्या बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने १८६० मध्ये लिव्हरच्या रायफलीचे पेटंट घेतले. घोड्याखालची कडी खाली ओढून वर केली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत जाते. नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक अशी सोळा काडतुसे मावत. एक बार काढून पुन्हा ठासत बसण्याच्या जमान्यात हे नवलच होते.

खरा बदल मात्र १८७३च्या विंचेस्टरने केला. हेन्रीच्या काडतुसात ठिणगीचा मसाला तळाच्या कडेत भरलेला असे. एकदा उडाले की ते फेकूनच द्यायचे. १८७३च्या काडतुसात तळाच्या मध्यभागी छोटी टोपी होती. ती काढून नवी बसवता येई. म्हणजे पितळी पुंगळी पुन्हा वापरता येऊ लागली. हे काडतूस ‘४४-४०’ या नावाने ओळखले जाते. गोळीचा व्यास ढोबळमानाने इंचाचा ४४ शतांश भाग आणि दारू ४० ग्रेन, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम. २०० ग्रेनची गोळी, म्हणजे सुमारे १३ ग्रॅम शिसे. १८७८ मध्ये कोल्ट कंपनीने याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा कमरेला आणि खांद्याला एकच काडतूस चालू लागले.

आता त्या काळचा मोंटाना किंवा टेक्सास डोळ्यांसमोर आणा. सर्वांत जवळचे दुकान दोन-तीन दिवसांच्या वाटेवर. अशा ठिकाणी माणूस शिशाची लगड, दारूचा डबा आणि टोप्यांची डबी घेऊन येई आणि रात्री चुलीपाशी बसून काडतुसे भरी. विंचेस्टर कंपनी स्वतःच त्यासाठी साचे आणि पकडीसारखी अवजारे विके. १८८४ मध्ये न्यू हेवनमध्येच जॉन बार्लो यांनी ‘आयडियल’ नावाची कंपनी काढली. तिचा धंदाच या अवजारांचा. बंदूक बनवणारे गाव घरोघरी काडतूस भरण्याची साधनेही विकत होते.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे मोंटानात राहिलो होतो. तिच्या शेजारच्या आजोबांना हा छंद. त्यांच्याकडे जुन्या विंचेस्टरच्या बनावटीची ४४-४० रायफल होती. मी इतिहासाचा मास्तर आहे हे कळल्यावर त्यांनी मला शेडमध्ये नेले आणि दोन दिवस सगळे दाखवले. शिशात थोडे कथील घालून ते वितळवायचे. दार-खिडक्या सताड उघड्या, कारण शिशाची वाफ आणि धूळ अंगाला विष. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती दुधी, खरबरीत दिसते. पहिल्या दहा-पंधरा गोळ्या पुन्हा मुशीतच जातात. मग उजेडात धरून एकेक तपासायची, तराजूवर तोलायची. गोळीच्या अंगावरच्या खोबणीत मेण आणि चरबीचा लेप भरायचा. तो पाहताना मला मीरत आठवले नसते तरच नवल!

लिव्हरच्या रायफलीची स्वतःची काही पथ्ये आहेत. काडतुसे नळीत एकामागे एक असल्याने एका गोळीचे नाक पुढच्याच्या टोपीला टेकलेले असते. गोळी टोकदार असेल तर धक्क्याने पुढचे काडतूस नळीतच उडायचे. म्हणून गोळीचे नाक चपटे हवे. शिवाय पुढून स्प्रिंगचा दाब असतो. त्याने गोळी पुंगळीत मागे सरकू नये म्हणून पुंगळीचे तोंड गोळीवर आवळून बसवावे लागते. ही पथ्ये १८७३ मध्ये होती, तीच आजही आहेत.

दुसऱ्या दिवशी चाचणी. आजोबांनी चार प्रकारची काडतुसे भरून आणली होती. प्रत्येक प्रकारात एकच गोष्ट बदललेली, बाकी सारे तेच. पन्नास यार्डांवर कागदी लक्ष्य, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवलेली, प्रत्येकी पाच-पाच बार. दर पाच बारांनंतर ते चालत जाऊन सर्वांत दूरच्या दोन भोकांमधले अंतर मोजत आणि वहीत लिहीत. सर्वांत चकचकीत, देखण्या गोळ्यांची भोके जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरली. जरा मळकट दिसणाऱ्या, पण व्यासाने केसभर जाड गोळ्यांची भोके चहाच्या कपाच्या तोंडात मावली. कारण उघड होते. गोळी नळीपेक्षा किंचितही बारीक असली की गरम वायू तिच्या बाजूने निसटतो, तिचे अंग वितळवतो आणि नळीत शिसे चिकटवतो. जुन्या ४४-४० रायफलींच्या नळ्यांची मापे एकसारखी नसत. म्हणून कारखान्याची गोळी एकीला मानवे, दुसरीला नाही. आपल्या रायफलीला काय मानवते, हे ज्याचे त्यानेच शोधायचे.

या चाचणीचा इतिहासही मोठा रंजक आहे. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने जड लोलकावर गोळी झाडून, तो किती हलला यावरून गोळीचा वेग काढला. विंचेस्टर कंपनीने तर चाचणीचाच व्यापार केला. कारखान्यात नळ्या झाडून पाहत आणि ज्या असामान्य नेम साधत त्यांच्यावर ‘हजारात एक’ असे कोरून त्या शंभर डॉलरना विकत. १८७३च्या बनावटीत अशा रायफली दीडशेसुद्धा झाल्या नाहीत. १९५० मध्ये जेम्स स्टुअर्टचा ‘विंचेस्टर ७३’ हा चित्रपट आला, तो अशाच एका रायफलीभोवती फिरतो.

या विषयात खरी तपश्चर्या केली ती मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन मान या डॉक्टरने. नेमबाजाचा हात आणि डोळा बाजूला काढला तर उरलेली चूक कोणाची, हा त्याचा प्रश्न. त्याने काँक्रीटच्या भक्कम ओट्यावर नळी जखडली, गोळीच्या वाटेत कागदी पडदे टांगले आणि मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडल्या. नाक चेपलेली गोळी फारशी भरकटत नाही, पण बूड जरा जरी तुटले तरी ती वाट सोडते, असे त्याला आढळले. १९०९ मध्ये त्याने हे सारे पुस्तकरूपाने छापले, फसलेल्या प्रयोगांसकट.

पण गोळी कागदावरच लागते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. याच मोंटानात २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा पुरता पाडाव केला. शतकभर त्यावर दंतकथा रचल्या गेल्या. १९८३ मध्ये तिथले गवत जळाले आणि जमीन उघडी पडली. पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे घेऊन मैदान पिंजून काढले. सापडलेल्या प्रत्येक पुंगळीची आणि गोळीची जागा नकाशावर मांडली. बंदुकीचा खिळा टोपीवर जो ठसा उमटवतो तो बोटाच्या ठशासारखा असतो. त्यावरून एकेका बंदुकीचा मैदानावरचा प्रवास कळला. सैनिकांकडे एकबारी कार्बाइन होत्या. योद्ध्यांपैकी अनेकांकडे मात्र हेन्री आणि विंचेस्टर होत्या. सैनिकांच्या बंदुकांत काडतुसे अडकली म्हणून ते हरले, या आवडत्या समजुतीला पुराव्याने फारसा आधार दिला नाही. अडकल्याच्या खुणा अगदी थोड्या निघाल्या. ज्यांच्या तोंडी साक्षी शंभर वर्षे कोणी मनावर घेतल्या नव्हत्या, त्या लाकोटा आणि शायेन लोकांचे म्हणणे या पितळी तुकड्यांनी बरेचसे खरे ठरवले.

पुढे १८९५ मध्ये विंचेस्टरने धूरविरहित दारूचे ३०-३० काडतूस आणले. वेग वाढला, तसे नुसते शिसे नळीत टिकेना. गोळीला तांब्याचे आवरण आले. ओतीव गोळीच्या बुडाला तांब्याची टोपी बसवायची युक्तीही निघाली. कारखान्याचे काडतूस स्वस्त आणि भरवशाचे झाले, आणि घरी भरणे ही गरज न राहता छंद झाला. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे. पुण्यात खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, पण तो सरकारी. ‘काडतूस’ हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगिजांकडून तयारच घेतला.

अमेरिकेत शिशाच्या गोळीचा प्रश्न अजून संपलेला नाही. शिकारीत मेलेल्या जनावराच्या अंगात शिशाचे कण उरतात आणि ते मांस गिधाडे खातात. कॅलिफोर्नियातले काँडोर हे महाकाय गिधाड १९८७ मध्ये अवघे २७ उरले होते, तेही सर्व पिंजऱ्यात. १९९२ पासून ती पुन्हा सोडली गेली, तेव्हा शिशाची विषबाधा हेच त्यांच्या मृत्यूचे मोठे कारण ठरले. जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीला शिशाच्या गोळ्या वापरायला पूर्ण बंदी आहे. गिधाडाला काही वर्ज्य मांस ओळखता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी गोळी कशाची आहे हे विचारावे लागते.

वर्गातल्या त्या मुलाला मी चरबीचे कारण सांगितले. पण आज कोणी विचारले तर मी थोडे पुढे जाईन. मोंटानातल्या म्हाताऱ्याला आपल्या काडतुसात काय आहे हे ठाऊक असते, कारण ते त्याने स्वतः भरलेले, तोललेले आणि कागदावर पारखलेले असते. मीरतच्या शिपायाला विचारण्याचीसुद्धा मुभा नव्हती. त्याने विचारले, तेव्हा त्याला बेड्या घातल्या गेल्या. माणसाच्या हाती काही द्यायचे आणि ते तोंडाला लावायला सांगायचे, तर त्यात काय आहे हे त्याला आधी सांगावे लागते. हा धडा चरबीपेक्षा मोठा आहे, आणि तो काडतुसापुरता नाही.