जुन्या कॉम्प्युटरची तारीख का चुकते?

घाटनांदूरमध्ये रात्री लाइट गेली आणि सकाळी घरातला जुना कॉम्प्युटर भलत्याच सालची तारीख दाखवू लागला, तर मशीन गेलं असं आपण लगेच समजू नये. बहुतेक वेळा आतला सेल संपलेला असतो.

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत, मशीन बंद असताना चालणारं घड्याळच नव्हतं. सुरू केल्यावर तारीख-वेळ हाताने टाकावी लागे. नाही टाकली तर १ जानेवारी १९८० धरली जाई. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये घड्याळाची वेगळी चिप आणि तिच्यासाठी बॅटरी आली. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ते मोजून चिप सेकंद पुढे सरकवते.

नंतरच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल असतो. तो संपला की वीज जाताच घड्याळ थांबतं. मग सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत याच तारखेवरून तपासली जाते. मुलांचा स्कॉलरशिपचा फॉर्म इथेच अडकतो. नमाजाच्या वेळा दाखवणारं सॉफ्टवेअरही हीच तारीख धरतं. रमजानमध्ये सहेरी-इफ्तारची वेळ चुकू शकते.

उपाय स्वस्त आहे. मशीन बंद करून पिन काढावी, सेल बदलावा, अधिकची खूण वर ठेवावी आणि बायोसमध्ये तारीख-वेळ लावावी. नवं मशीन घेण्याआधी आपण एवढं नक्की करून पाहू.