शाळेची वाट

सकाळी सातची घंटा होण्यापूर्वी पंधरा मिनिटे आमच्या धर्मग्रामातील शाळेच्या फाटकापाशी उभे राहून पाहावे. चर्चच्या कमानीपासून नाक्यापर्यंत स्कूटरी, रिक्षा आणि मोटारी एकमेकींना खेटून उभ्या असतात. स्कूटरच्या पुढल्या फळीवर धाकटे, मागच्या बैठकीवर थोरले, मध्ये दोन दप्तरे आणि चालवणाऱ्या आईचे किंवा बापाचे लक्ष मनगटावरील घड्याळाकडे. यांतील पुष्कळ मुले मैलभराच्या आतून आलेली असतात. काहींचे घर तर फाटकातून दिसते.

आम्ही ज्या काळी याच शाळेत जात होतो, त्या काळी वसईच्या आमच्या आळीतील नऊदहा मुले एकत्र निघत. सर्वांत मोठ्या मुलीच्या हाती कारभार असे. बावखलाच्या कडेने, पुढे केळीच्या वाडीतून, मग चिंचेच्या झाडाखाली थोडा उशीर करून आम्ही प्रार्थनेच्या वेळेस कसेबसे पोहोचत असू. वाटेत कोणी दांडगाई केली तर ती वार्ता त्याच्या आधी घरी पोचे, कारण प्रत्येक ओटीवर कोणी ना कोणी ओळखीचे बसलेले असे. ते सारे रम्यच होते, असे लिहिण्याचा मोह आम्ही आवरतो. पावसाळ्यात वाट पाण्याखाली जाई, साप निघत, आणि निम्म्या मुलांच्या पायांत वहाणा नसत. भय नव्हते ते एकाच गोष्टीचे, मोटारीचे.

गेल्या जूनमध्ये फाटकापाशी मागे येणाऱ्या एका मोटारीचा धक्का लागून आमच्या सात वर्षांच्या नातवाचा हात मोडला. मोटार चालवणारी बाई त्याच्याच वर्गातील एका मुलीची आई होती. ती बिचारी आमच्याहून अधिक रडली. तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, कारण त्या सकाळी नातवाला स्कूटरवरून आम्हीच आणले होते आणि आमचे घर शाळेपासून बारा मिनिटांच्या चालीवर आहे. चालत का आणले नाही, असे सुनेने विचारले तेव्हा आमच्या तोंडून सहज उत्तर गेले, ‘‘रस्त्यावर फार गाड्या असतात.’’ त्या गाड्यांतील एक आमची होती, हे ध्यानी यायला नातवाचे प्लास्टर समोर असावे लागले. पुढील सहा आठवड्यांत, घरी बसलेल्या मुलाच्या सोबतीने, या प्रश्नाचा मागचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचून काढला. तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मोटार आणि मूल यांचा संघर्ष प्रथम तीव्र झाला तो अर्थातच मोटारी आधी आलेल्या देशांत. ब्रिटनमध्ये १९३४ या एका वर्षात सात हजार तीनशेहून अधिक माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यांतील जवळजवळ निम्मी पायी चालणारी होती. त्याच वर्षी वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी रस्ता ओलांडण्याच्या जागा दर्शविणारे नारिंगी गोलकांचे खांब उभारले. त्यांना आजही त्यांचेच नाव आहे. १९५१ साली काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे झेब्रा क्रॉसिंग अवतरले. १९५३च्या कायद्याने शाळेजवळ वाहने थांबवण्याचा अधिकार गणवेशातील एका साध्या नागरिकाला दिला. त्याच्या हातातील गोल पाटीच्या काठीमुळे पोरांनी त्याचे नाव काडीवरच्या गोळीवरून ठेवले. जपानमध्येही १९५९ साली तोकियो शहराने चौकाचौकांत हिरव्या पोशाखातील स्त्रिया उभ्या केल्या. युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांना काम मिळावे, हाही त्यामागे हेतू होता. मुले त्यांना ‘हिरवी मावशी’ अशा अर्थाच्या नावाने हाक मारीत. पिवळ्या टोप्या घालून, वरच्या वर्गातील मुलाच्या मागे रांगेने शाळेत जाण्याची चाल त्या देशात आजही पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. तरीही १९७० साली जपानच्या रस्त्यांवर सोळा हजार सातशेहून अधिक बळी गेले. तेथील वृत्तपत्रे त्या काळास ‘वाहतुकीचे युद्ध’ म्हणत.

हे उपाय चांगलेच होते. परंतु त्यांनी रस्त्याच्या एखाद्या बिंदूची सोय लावली. उरलेली वाट मुलाच्या अकलेवर सोपवली. ‘‘आधी उजवीकडे पाहा, मग डावीकडे पाहा’’ हे आम्हीही घोकले आहे. मुलाला नीट शिकवले म्हणजे झाले, ही समजूत जगभर होती. तिला मुळातून धक्का दिला तो स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी. १९६०च्या दशकात त्यांनी लहान मुलांचे रस्त्यावरील वागणे बारकाईने अभ्यासले. सहासात वर्षांच्या मुलाला वाहनाचा वेग जोखता येत नाही, आवाज कोठून आला हे नेमके कळत नाही, उभ्या मोटारीपलीकडचे दिसण्याइतकी त्याची उंची नसते, आणि चेंडू किंवा मित्र दिसताच पाठ केलेला नियम क्षणात विसरला जातो. त्यांचा निष्कर्ष असा की, मुलाला वाहतुकीच्या मापाचे करणे शक्यच नाही; वाहतूकच मुलाच्या मापाची केली पाहिजे. या निष्कर्षाने जबाबदारी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली.

हा विचार रस्त्यावर उतरला हॉलंडमध्ये. हॉलंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सायकली येतात आणि ते लोक मुळातच तसे, असे आपण म्हणतो. वस्तुस्थिती निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तो देश संपन्न होत गेला तसे तेथेही मोटारींसाठी जुने चौक मोकळे करण्यात आले, घरे पाडण्यात आली आणि सायकलस्वारांना कडेला लोटण्यात आले. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती.

त्यांतील एक मुलगी सहा वर्षांची होती. तिचे वडील विक लांगेनहॉफ हे ‘दे तेइद’ या कॅथलिक परंपरेच्या वृत्तपत्रात पत्रकार होते. १९७२ साली त्यांनी त्याच पत्रात एक संतप्त लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ, ‘बालहत्या थांबवा’. डच भाषेत यासाठी जो शब्द आहे, ‘किंडरमोर्ड’, तोच हेरोदाने बेथलेहेमात घडवलेल्या बालहत्याकांडालाही वापरतात. आपण नाताळनंतर तीन दिवसांनी, २८ डिसेंबरला, ज्या निष्पाप बालकांचे स्मरण करतो त्यांची ती कथा. लांगेनहॉफ यांच्या वाचकांना तो शब्द ऐकताच काय आठवले असेल ते वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. याच कथेवर चित्रकार पीटर ब्रूगेल यांनी सोळाव्या शतकात एक चित्र काढले. बेथलेहेमऐवजी त्यात बर्फाने झाकलेले त्यांच्याच मुलखातील खेडे आहे. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहातील त्या चित्रात मेलेली मुले मात्र कोठे दिसत नाहीत. सम्राट दुसरा रुडॉल्फ यांच्या ताब्यात चित्र गेल्यावर मुलांच्या जागी गाठोडी, हंस, जनावरे रंगवण्यात आली. आया गाठोड्यांसाठी आक्रोश करीत आहेत, असे ते दृश्य आहे. अपघातांच्या वार्षिक तक्त्यातील आकडे वाचताना आम्हांला हे चित्र आठवत राहिले.

लेखाच्या मथळ्याचेच नाव घेऊन पालकांची एक चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा मार्त्ये व्हान पुटन या तेव्हा तरुण माता होत्या. या मंडळींनी अपघाताच्या जागा अडवल्या. ठरावीक दिवशी आपली गल्ली वाहनांना बंद करून भर रस्त्यात मेजे मांडली, सगळ्या शेजाऱ्यांनी तेथेच एकत्र जेवण केले आणि मुलांना मधोमध खेळायला सोडले. पंतप्रधान योप देन ऑयल यांच्या घरासमोर सायकलींवरून जाऊन त्यांनी गाणी म्हटली, आणि पंतप्रधान बाहेर येऊन त्यांचे म्हणणे ऐकते झाले. कोणाच्या मोटारीची काच फोडून हे साधले नसते, असे आमचे मत आहे.

काळही अनुकूल ठरला. १९७३ साली अरब राष्ट्रांनी हॉलंडचा तेलपुरवठा रोखला आणि त्या नोव्हेंबरपासून काही रविवारी मोटारी रस्त्यावर आणण्यास सरकारनेच बंदी केली. ओस पडलेल्या महामार्गांवर मुले चाकाच्या बुटांवरून फिरली. रस्ता असाही असू शकतो, हे एका पिढीने प्रत्यक्ष पाहिले. तिकडे डेल्फ्ट शहरात नगराचे अभियंते योस्त व्हाल यांनी गल्ल्यांत झाडे, कुंड्या, वळणे आणि उंचवटे घालून मोटारीला आपोआप हळू करण्याचे प्रयोग आधीच चालवले होते. १९७६ साली अशा गल्लीला कायद्याची मान्यता मिळाली. तिचे डच नाव ‘वूनएर्फ’, म्हणजे राहत्या घरांचे अंगण. तेथे माणूस रस्त्याच्या सर्व रुंदीचा धनी असतो आणि मोटारीने चालत्या माणसाच्या चालीने जावे लागते. पुढे न्यायालयांनीही पाऊल उचलले. चौदा वर्षांखालील मूल मोटारीखाली आले तर, अगदी अपवादात्मक प्रसंग सोडता, संपूर्ण भरपाई मोटारवाल्याच्या बाजूने द्यावी, हा नियम १९९०च्या दशकाच्या आरंभी तेथे पक्का झाला. मूल चुकणारच, हे सँडेल्सबाईंनी सांगितलेले सत्य अशा रीतीने न्यायशास्त्रात शिरले. १९७१ साली चारशेच्या वर असलेला बालमृत्यूंचा आकडा २०१० साली चौदावर आला होता.

ब्रिटनची कथा याच्या उलट दिशेने गेली, आणि आमच्या फाटकाशी तिचेच साम्य अधिक आहे. तेथे १९७१ साली सातआठ वर्षांची शंभरपैकी ऐंशी मुले मोठ्यांच्या सोबतीविना शाळेत जात. १९९० साली तशी मुले शंभरात नऊच उरली. हे आकडे मेयर हिलमन, जॉन ॲडम्स आणि जॉन व्हाइटलेग या तिघा संशोधकांच्या त्या वर्षीच्या अहवालातील आहेत. या एकोणीस वर्षांत वाहने जवळजवळ दुप्पट झाली, पण रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या निम्म्यावर आली. तेव्हा रस्ते सुरक्षित झाले, असे सरकारचे म्हणणे. हिलमन यांनी विचारले, रस्ते सुरक्षित झाले की मुलेच रस्त्यावरून उचलली गेली? वाघ सुटला म्हणून सारे गाव घरात कोंडून घ्यावे आणि वर्षअखेर वाघ माणसाळला असे जाहीर करावे, तशातला तो प्रकार, असे आपल्याकडे कोणी म्हटले असते. अहवालाचे नावही बोलके होते. ‘एक चुकीचे पाऊल आणि तू मेलास’ अशा आशयाच्या, मुलांना उद्देशून काढलेल्या सरकारी भित्तिपत्रकावरून ते घेतले होते.

हिलमन यांनी दाखवलेले चक्र साधे आहे. गाड्यांच्या भीतीने एक पालक मुलाला गाडीतून नेतो. त्यामुळे रस्त्यावर एक गाडी वाढते, चालणारे एक मूल कमी होते आणि जो पालक कालपर्यंत मुलाला चालत पाठवीत होता त्यालाही धास्ती वाटू लागते. यात कोणीच मूर्ख नसतो. जो तो आपल्या मुलाचे हितच पाहत असतो. आमचीही गत तीच झाली होती.

यातून बाहेर पडण्याचे पुढील प्रयत्न लहान आहेत, पण अनुकरण करण्याजोगे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड एंग्विक्ट यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘चालती बस’ सुचवली. ठरलेली वाट, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ. फक्त बस नाही. पुढे एक मोठा माणूस, मागे एक, मध्ये मुले. १९९८ साली इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स गावी ती सुरू झाली. इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी लेक्को नावाचे सरोवरकाठचे शहर आहे. तेथे २००३ साली हीच कल्पना ‘पिएदिबुस’ या नावाने रुजली. २००९ साली तेथील दहा प्राथमिक शाळांकडे अशा सतरा वाटा जात होत्या आणि सुमारे साडेचारशे मुले रोज त्यांवरून चालत होती.

आमच्या वसईत १९९० साली सिडको आली, २००९ साली महानगरपालिका झाली, वाड्यांमधून रस्ते गेले. रस्ते करताना माणसाने कोठून चालावे, हे आखणाऱ्याला सुचलेले दिसत नाही. गटारावरील फरशी हीच आमची पायवाट, आणि तीही सलग नाही.

नातवाचे प्लास्टर निघाले त्याच्या पुढल्या सोमवारपासून आम्ही चालू लागलो. पहिल्या दिवशी आम्ही दोघेच होतो. शेजारच्या दोन घरांनी आठवडाभर पाहिले आणि मग आपली मुले सोबत दिली. आता सात मुले आहेत, दोन आजोबा आणि एक निवृत्त शिक्षिका, जिला सर्वजण मावशी म्हणतात. पुढे कोण आणि मागे कोण, हे वार लावून ठरवले आहे. नाक्यावर गटार उघडे आहे तेथे प्रत्येकाने हात धरायचा, एवढाच नियम. अंगावर येणाऱ्या स्कूटरींवरील पालक कधी ओळखून हसतात, कधी हॉर्न वाजवतात. पाऊस फार असला की दोन मुलांना त्यांचे वडील अजूनही मोटारीनेच नेतात. आम्ही त्याबद्दल काही बोलत नाही.

पहिल्या महिन्यात आम्हांस दोनदा उशीर झाला आणि सिस्टरांनी कारण विचारले. बावखल बुजले, केळीची वाडी गेली. चिंचेचे झाड मात्र अजून उभे आहे.