आर्फ: चौकटीवरून पडलेलं नाव

पाटीवर सलग लिहा: मगरमगरमगर. पहिल्या अक्षरापासून तीन-तीनचे गट पाडले तर मगर. एक अक्षर सोडून सुरुवात केली तर गरम. अक्षरं तीच, क्रमही तोच. बोट कुठं टेकवलं त्यावर शब्द ठरला. माणसाच्या एका प्रथिनाला ‘आर्फ’ हे नाव मिळालं ते यातूनच. ‘अल्टरनेटिव्ह रीडिंग फ्रेम’, म्हणजे वाचनाची दुसरी चौकट.

जनुकंही तीन-तीन अक्षरांनी वाचली जातात; तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल. १९७६ साली केंब्रिजमध्ये, फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेत, फायएक्स-१७४ या विषाणूत ‘डी’ जनुकाच्या पोटात अख्खं ‘ई’ जनुक सापडलं, सरकलेल्या चौकटीत. त्या विषाणूची पोथी अवघी ५,३८६ अक्षरांची. जागेअभावी काटकसर, हे पटण्यासारखं होतं. माणसाकडे मात्र सुमारे ३०० कोटी अक्षरं. इथं दाटीवाटी कशाला होईल?

पण झाली होती. नवव्या गुणसूत्रावरचं पी-१६ हे प्रथिन, पेशीविभाजनाचा लगाम, १९९३ साली ओळखलं गेलं. १९९५ मध्ये मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉन क्वेल, चार्ल्स शेर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या त्याच जनुकातून निघणारा दुसरा आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, तपासला. त्यातून बनणाऱ्या प्रथिनाचं पी-१६शी काडीचंही साम्य नव्हतं. पी-१६ मधले १६ म्हणजे वजन, किलोडाल्टनमध्ये. नव्या प्रथिनाच्या नावात वजनाशेजारी वाचनाची रीतही आली. मला हे नाव फार आवडतं. शोधाचा सगळा अचंबा त्यात शाबूत आहे.

घडतं ते असं. नकलेतले शेवटी उरणारे तुकडे म्हणजे एक्झॉन, कापले जाणारे मधले भाग म्हणजे इंट्रॉन. आर्फचा पहिला एक्झॉन पी-१६च्या पहिल्या एक्झॉनच्या सुमारे २० हजार अक्षरं आधी आहे आणि त्याचा प्रमोटर, म्हणजे नक्कल सुरू करणारी जागा, स्वतंत्र आहे. तिथून सुरू झालेली नक्कल वाटेतला पी-१६चा पहिला एक्झॉनही उतरवून घेते. पण एक्झॉन मागच्या तुकड्याला जोडायचा तर त्याच्या तोंडाशी जोडखूण लागते, आणि हा मुळात सुरुवातीचा एक्झॉन असल्यानं त्याला ती नाही. मग स्प्लायसिंगमध्ये, म्हणजे तुकडे कापून जोडताना, तो इंट्रॉनसोबत कापून टाकला जातो. आर्फचा तुकडा थेट सामाईक दुसऱ्या एक्झॉनला जुळतो, चौकट सरकवून. माणसात एकीकडून १५६ अमिनो आम्लांचं पी-१६ बनतं, दुसरीकडून १३२ आम्लांचं आर्फ.

आर्फ पी-५३चा नाश घडवणाऱ्या एमडीएम-२ या प्रथिनाला बांधून ठेवतं, त्यामुळे पी-५३ हा पेशीतला मोठा पहारेकरी टिकतो. कर्करोगात सामाईक दुसरा एक्झॉनच गळाला तर दोन्ही प्रथिनं एकदम जातात. एकाच अक्षराचा बदल मात्र जास्त अवघड. तिकडीतलं तिसरं अक्षर बदलून पुष्कळदा अमिनो आम्ल तेच राहतं. पण तेच अक्षर दुसऱ्या चौकटीत पहिलं किंवा दुसरं असतं, आणि तिथं ते बदललं की बहुतेक वेळा आम्लही बदलतं. त्यामुळे दुसऱ्या एक्झॉनमधला प्रत्येक बदल दोन्ही चौकटींत तपासावा लागतो.