यंत्राविरुद्धचा संताप

पोवाडा म्हणावयाचा असतो कीं गावयाचा असतो, हा प्रश्न महाड-पोलादपूरच्या मुलखांत कोणी विचारीत नाहीं. पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव. सिंहगडावर १६७० सालीं त्यांना आलेल्या वीरमरणाचा पोवाडा तुळशीदास शाहिरानें रचला. डफ-तुणतुण्याच्या साथीवर पोवाडा ऐकणाऱ्यास एवढें ठाऊक असतें कीं, शाहीर सूर धरतो तो शब्द पोंचविण्यापुरता. शब्द अडखळला कीं पोवाडा मेला. अमेरिकेंत ज्याला ‘रॅप’ म्हणतात त्याचा धर्म हाच. ऑगस्ट १९७३ मध्यें न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागांत कूल हर्क नांवाच्या तबकडीवाल्यानें एका इमारतींत मेजवानी भरविली, तेथपासून त्याची परंपरा मोजतात. गरीब कृष्णवर्णीय वस्तींतील तरुण ठेक्यावर भराभर यमकें जुळवून बोलूं लागले, तेंच पुढें रॅप झालें.

‘मेटल’ संगीताचें कूळ निराळें. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें शहर. तेथें पत्र्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें यंत्रांत तुटलीं. त्यानें बोटांवर प्लास्टिकचीं टोपणें चढविलीं, गिटारला हलक्या तारा लावल्या, पुढें त्या सैलही सोडल्या. ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या बँडची पहिली तबकडी १९७० सालीं निघाली. तिच्या जड, घनगंभीर नादापासून मेटलचा आरंभ मानतात. बिरवाडीलगत महाडची औद्योगिक वसाहत आहे. तेथील कामगारास या नादाचें मूळ फार समजावून सांगावें लागणार नाहीं.

या दोन प्रवाहांची गांठ घालण्याचे प्रयत्न झाले होते. १९८६ सालीं ‘रन-डीएमसी’ या रॅप मंडळींनीं ‘एरोस्मिथ’ या रॉक बँडबरोबर एक गाणें केलें. १९९१ सालीं ‘पब्लिक एनिमी’नें ‘अँथ्रॅक्स’ या मेटल बँडबरोबर केलें. परंतु हे दोन घरांतले पाहुणचार होते. एका चुलीवरचा संसार थाटला तो त्याच वर्षीं लॉस एंजल्स येथें चार तरुणांनीं. बँडचें नांव ‘रेज अगेन्स्ट द मशीन’, म्हणजे यंत्राविरुद्धचा संताप. यंत्र म्हणजे येथें गिरणी नव्हे. सत्ता आणि पैसा यांची चौकट.

गिटार वाजविणारा टॉम मोरेलो हा केनियाच्या एका मुत्सद्द्याचा व एका अमेरिकन शिक्षिकेचा मुलगा, हार्वर्ड विद्यापीठांत शिकलेला. शब्द रचणारा व म्हणणारा झॅक डी ला रोचा हा मेक्सिकन वंशाच्या चित्रकाराचा मुलगा. टिम कॉमरफर्ड बास गिटारवर आणि ब्रॅड विल्क ढोलांवर. मार्च १९९१ मध्यें लॉस एंजल्सच्या पोलिसांनीं रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसास केलेली मारहाण कॅमेऱ्यानें टिपली होती. एप्रिल १९९२ मध्यें न्यायालयांतून ते पोलीस सुटले, तेव्हां शहर पेटलें आणि पन्नासांवर माणसें मेलीं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरांत या बँडची पहिली तबकडी बाहेर पडली. वेष्टनावर छायाचित्र होतें तें सायगांवचें: १९६३ सालीं भर रस्त्यांत स्वतःस पेटवून घेऊन निश्चल बसलेला बौद्ध भिक्षु थिच क्वांग डुक.

तबकडीसोबत एक टीप छापली होती, कीं हिच्यांत उसने ध्वनि, कळफलकाचीं वाद्यें वा कृत्रिम नादयंत्रें वापरलेलीं नाहींत. ही बढाई अनाठायीं नव्हती. रॅपवाले तबकडी मागें-पुढें खरवडून जो आवाज काढतात, तो मोरेलो तारा हातानें घासून काढी. गिटारच्या बटणाची एक बाजू अजिबात मुकी ठेवावयाची आणि तें भराभर खालवर करावयाचें, म्हणजे लांब सूर तुकड्यातुकड्यांनीं बाहेर पडतो. त्यावर डी ला रोचाचें बोलणें. आधीं कुजबुज, मग तोच शब्द पुनःपुन्हां, मग आरोळी.

बोलल्याप्रमाणें वागण्याचा यत्नही त्यांनीं केला, कधीं कधीं विचित्र रीतीनें. १९९३ सालीं फिलाडेल्फिया येथें गाण्यांवरील नियंत्रणाचा निषेध म्हणून चौघेही रंगमंचावर विवस्त्र व मूक उभे राहिले. एक गाणेंही वाजविलें नाहीं. (ही रीत सभ्य कुटुंबांस रुचण्याजोगी खचित नव्हे.) १९९६ सालीं एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे यजमान धनाढ्य स्टीव्ह फोर्ब्स होते, म्हणून यांनीं आपल्या ध्वनिवर्धकांवर अमेरिकेचे ध्वज उलटे टांगले. ते उतरविण्यांत आले आणि बँडचें दुसरें गाणें रद्द झालें. २६ जानेवारी २००० रोजीं न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एका गाण्याचें चित्रण चालू असतांना मंडळी शेअरबाजाराकडे वळली, तेव्हां बाजाराचे दरवाजे लावून घ्यावे लागले.

पण पैशाच्या सत्तेवर तोफ डागणारी ही तबकडी विकीत होतें कोण? ‘एपिक’, म्हणजे बलाढ्य सोनी कंपनीचीच शाखा. १९९६ व १९९९ सालच्या तबकड्या अमेरिकेंत विक्रींत पहिल्या क्रमांकास पोंचल्या. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालीं झाला. त्यापुढील काळांत आंबेडकरी जलसे गांवोगांव फिरले, त्यांच्या ढोलकीमागें अशी कंपनी नव्हती. मोरेलोचें म्हणणें असें कीं, भांडवलशाही समाजांत विचारही तिच्याच दुकानांतून लोकांपर्यंत न्यावा लागतो. हें उत्तर खोटें नाहीं. पुरतें मात्र नाहीं. २००९ सालच्या नाताळांत त्याची प्रचीति आली. ब्रिटनमध्यें एका दूरचित्रवाणी-स्पर्धेच्या विजेत्याचें गाणें दर नाताळांत पहिलें येई. त्याचा वीट येऊन एका दांपत्यानें या बँडचें १९९२ सालचें गाणें विकत घेण्याचें लोकांस आवाहन केलें. आठवड्यांत पांच लाखांवर प्रति खपल्या आणि तें पहिलें आलें. मौज ही कीं, हरलेलें गाणेंही सोनीच्याच घरचें! तथापि बँडनें बेघरांसाठीं झटणाऱ्या संस्थेस पैसे दिले आणि ६ जून २०१० रोजीं लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्यें विनामूल्य कार्यक्रम केला. एवढें तरी त्यांच्या खातीं जमा धरलेंच पाहिजे.

वास्तविक तोंवर त्यांचें रचनेचें काम संपलें होतें. ऑक्टोबर २००० मध्यें डी ला रोचा बाहेर पडला; २००७ सालीं चौघे पुन्हां एकत्र आले, पण स्वतःचें नवें गाणें त्यांनीं दिलें नाहीं. त्यांची घडण इतरांनीं उचलली. ‘लिंकिन पार्क’नें २००० सालीं तीच सांगड मनांतल्या दुःखासाठीं वापरली आणि अफाट खप मिळविला. तें दुःख खरेंच होतें. शाहिराचें काम मात्र तें नव्हे. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’नें तींत ढोल आणि हिंदी-पंजाबी शब्द आणून २०२२ सालीं ‘रक्षक’ काढली.

त्याच वर्षीच्या जुलैंत मूळ बँड पुन्हां दौऱ्यावर निघाला. शिकागो येथें डी ला रोचाचा पाय दुखावला, तरी अमेरिकेंतील पुढचे कार्यक्रम त्यानें बसून केले. युरोपचा दौरा रद्द झाला. ठेका सांभाळणाऱ्या विल्कनें जानेवारी २०२४ मध्यें जाहीर केलें, कीं हा बँड यापुढें रंगमंचावर येणार नाहीं.